सुकटीतला निळा धागा

मैत्रिणींनो, रविवारची सकाळ होती. आठवडी बाजारातून आणलेली पाव किलो सुकट ताटात पसरून मी निवडायला बसले होते. आमच्या खानदेशात समुद्र नाही, पण सुकट आहे! जळगाव काय आणि धुळं काय, ज्या घरात खाल्लं जातं त्या घरात पावसाळ्यापूर्वी सुकटीचा एक डबा भरून ठेवलेला असतोच. भाजी महागली, पाहुणा अवचित आला, की तव्यावर सुकट खमंग भाजायची, लसूण-मिरचीबरोबर ओबडधोबड वाटायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर पुढे करायची. गरिबाघरचा तो मासा आणि तेच गरिबाघरचं टॉनिक!

तर निवडता निवडता त्या गुलाबी काड्यांत मला एक निळा धागा दिसला. तांदळाच्या दाण्याहूनही आखूड. मी तो चिमटीत धरून बाजूला टाकणार, एवढ्यात आमची लेक तिथे आली. आठवीत आहे. तिनं तो कागदावर घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि जाहीर केलं, "आई, हे मायक्रोप्लास्टिक आहे. शाळेत सांगितलंय आम्हांला. मी आता सुकट खाणार नाही."

सासूबाई माळ ओढत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आमची हयात गेली सुकट खाण्यात. काय झालं आम्हांला?"

"आजी, तुझ्या वेळी एवढं प्लास्टिक कुठे होतं? आता पप्पांच्या कारखान्यातलंच नदीतून समुद्रात जातं, ते सुकट खाते आणि सुकट आपण खातो!"

हे जेवायला बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला. पानावरून उठू नये म्हणून बसून राहिले, पण दुसरी भाकरी मात्र त्यांनी घेतली नाही.

तुम्हांला सांगायला हवं, आमचे हे गेली सोळा वर्षं जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका चटईच्या कारखान्यात आहेत. जळगावच्या प्लास्टिकच्या चटया तुमच्याही घरी असतील. जुन्या बादल्या, मोडक्या खुर्च्या, भंगारातलं काय काय आणून ते दळायचं, धुवायचं, वितळवायचं, त्याच्या रंगीत नळ्या ओढायच्या आणि त्या विणायच्या. यांच्या शर्टाच्या खिशातून मी रोज रंगीत चुरा झटकते. लेकीची फी, सासूबाईंची औषधं आणि घराचा हप्ता त्या चटईवर चालतो. माझी शाळा अर्धवेळ. त्या पगारात बाजारहाट भागतो, एवढंच. ज्या माणसानं सोळा वर्षं "आपण कचऱ्यातून वस्तू करतो" ह्या अभिमानानं काम केलं, त्याला त्याच्याच लेकीनं असं म्हणावं! लेकीला रागवावं, तर ती खोटं बोलली होती का, हेच मला ठाऊक नव्हतं.

पुढच्या बाजारात मी सुकटवालीला तो प्रकार सांगितला. ती हसून म्हणाली, "माय, दर्याना माल शे. त्यामा दर्यानंच काही निंघी ना!" समुद्राचा माल आहे, त्यात समुद्रातलंच काही निघणार. वाक्य तिचं साधं, पण माझ्या डोक्यातून ते जाईना.

मी बी. ए. झालेली, शाळेत मराठी शिकवणारी. विज्ञानाशी माझा संबंध फोडणी आणि विरजण एवढाच. पण घरात अबोला धरला जातोय म्हटल्यावर मी आमच्या विज्ञानाच्या बाईंना गाठलं, त्यांनी दिलेलं वाचलं, शोधून शोधून आणखी वाचलं. त्यातलं मला जे नीट कळलं तेवढंच तुम्हांला सांगते.

प्लास्टिक कुजत नाही, हे आपण सगळ्याच जाणतो. पण ते झिजतं, तुटतं, उन्हानं पापडासारखं कडकडीत होऊन त्याचा भुगा होतो. पाच मिलिमीटरहून लहान अशा ह्या कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाचे रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली समुद्रकाठच्या वाळूतले आणि पाण्यातले असे कण जगापुढे मांडले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. पाच मिलिमीटर म्हणजे आपली मसुराची डाळ. हा सगळ्यांत मोठा कण! बाकीचे मोहरीएवढे, खसखशीएवढे आणि कितीतरी तर डोळ्यांना दिसतच नाहीत असे.

आता शिंपल्यांचं पाहा. तिसऱ्या, कालवं ही मंडळी शिकारीला जात नाहीत. एका जागी बसून समुद्राचं पाणी आत ओढायचं, कल्ल्यांतून ते गाळायचं, त्यातलं खाण्याजोगं ठेवायचं आणि पाणी बाहेर सोडायचं, हा त्यांचा दिवसभराचा उद्योग. चांगलं मोठं कालव दिवसाला शंभर लिटरहूनही जास्त पाणी गाळू शकतं. आपल्या चहाच्या गाळणीनं दिवसभर नाल्याचं पाणी गाळत बसलं तर गाळणीत काय उरेल? तसंच त्यांचं होतं. नको ते कण थुंकून टाकायची सोय त्यांच्यात आहे, पण सगळेच कण ओळखता येत नाहीत.

बरं, आत गेलेला कण पोटातून तसाच बाहेर पडतो म्हणावं, तर तेही नाही. २००८ साली मार्क ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगात पाहिलं, की शिंपल्यांनी गिळलेले अगदी बारीक कण पोटातून त्यांच्या रक्तात उतरले आणि अठ्ठेचाळीस दिवसांनंतरही ते तिथे सापडत होते. २०१६ साली फ्रान्समध्ये कालवांना दोन महिने अशा कणांच्या पाण्यात ठेवलं. त्यांच्या माद्यांची अंडी ३८ टक्क्यांनी कमी झाली आणि जन्मलेल्या पिल्लांची संख्या ४१ टक्क्यांनी. पोटात अन्नाच्या जागी भलतंच भरलं, की अंगी लागायचं ते लागत नाही, आणि त्याची झळ आधी पोटच्या पिलाला बसते. हे मला विज्ञानाच्या भाषेतून कळलं, पण तुम्हां-मला ते समजायला विज्ञान कशाला हवं?

आणखी एक प्रयोग वाचून तर मला वाईटच वाटलं. समुद्रातले काही शिंपले अंगातून चिवट धागे काढतात आणि त्यांनी खडकाला घट्ट धरून बसतात. तेच त्यांचं घर. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बावन्न दिवस प्लास्टिकच्या कणांत राहिलेल्या शिंपल्यांनी हे धागे कमी काढले आणि त्यांची खडकावरची पकड जवळजवळ निम्म्यानं ढिली झाली. लाट आली की सुटायचं! अर्थात हे प्रयोगशाळेतलं झालं. तिथे कण मुद्दाम मोजून घातलेले असतात आणि खुल्या समुद्रात ते कुठे कमी तर कुठे जास्त असतात, हे ध्यानात ठेवायला हवं.

तुम्ही म्हणाल, हे सगळं विलायतेतलं, आपल्या समुद्राचं काय? तर मुंबईच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेतल्या संशोधकांनी आपल्या बाजूच्या अरबी समुद्रातल्या कोळंबीच्या तीन जाती तपासल्या. त्यांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. तिन्ही जातींत प्लास्टिक सापडलं. आणि ते जास्त करून कशाच्या रूपात म्हणता? धाग्यांच्या!

आता आपल्या सुकटीकडे येऊ. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा, कोळंबीचाच इवलासा भाऊबंद. मोठा मासा आपण साफ करतो, त्याचं पोट काढून टाकतो. मोठ्या कोळंबीचा काळा दोरा काढतो. पण जवळ्याचं आणि तिसऱ्यांचं पोट कोण काढणार? ती आपण पोटासकट खातो. म्हणून त्यांच्या पोटातलं ते आपल्या पोटात. आणि आपणच कशाला? बोंबीलही जवळ्यावरच पोसतो.

एवढं कळलं, पण लेकीच्या त्या वाक्याचं उत्तर काही मिळालं नव्हतं. जळगावचं प्लास्टिक समुद्रात जातं का? ते कळलं दिवाळीच्या सुटीत. माझी धाकटी नणंद पालघरला असते. लेकीला घेऊन मी तिच्याकडे निघाले. ताप्ती लाईनच्या गाडीनं सुरत, तिथून पालघर. ही गाडी म्हणजे तापीची सोबतीणच. अमळनेर सोडल्यावर नरडाण्याच्या अलीकडे पूल येतो आणि पांझरा लागते. ती माझ्या माहेरची नदी. धुळ्याला लहानपणी पूर ओसरला, की आम्ही भावंडं काठावर जायचो. बाभळीच्या काट्यांना रंगीबेरंगी पिशव्या अडकलेल्या असायच्या, आणि आम्हांला वाटायचं, झाडांना पतंगच लागलेत! माझी आजी मात्र दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालायची आणि भंगारवाल्याला द्यायची. आम्ही तिच्या चिकटपणाला हसायचो.

गाडीत लेकीला नकाशा काढून दाखवला. धुळ्याची पांझरा शिंदखेडा तालुक्यात मुडावदजवळ तापीला मिळते. जळगावची वाघूर, गिरणा, सगळ्या तापीच्याच लेकी. तापी मध्यप्रदेशात मुलताईला निघते, ७२४ किलोमीटर चालते आणि सुरतेपलीकडे अरबी समुद्राला मिळते. वाटेत बंधारे आहेत, उकाईचं मोठं धरण आहे. बरंच काही तिथे गाळात बसत असेल. पण पुराचं पाणी सोडलं की हलकं ते पुढे निघतं. केळीच्या घडांना बांधलेल्या पिशव्यांच्या चिंध्या, ठिबकच्या नळ्यांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या आणि तुमच्या-माझ्या मोरीतलं साबणाचं पाणी. आपल्याकडे समुद्र नाही म्हणून आपण निर्धास्त. पण समुद्राकडे जाणारी वाट तर आपल्या दारावरूनच जाते!

नणंदेकडे पोचलो तेव्हा तिनं पातेल्यात मिठाच्या पाण्यात तिसऱ्या भिजत घातल्या होत्या. म्हणाली, "वहिनी, दोन-तीन तास अशा ठेवल्या, की पोटातली वाळू टाकतात." मला लगेच वाचलेलं आठवलं. स्वच्छ पाण्यात ठेवलं तर शिंपले पोटातलं काही प्लास्टिकही टाकतात. सगळं नव्हे, पण काही. किनाऱ्यावरच्या बायकांना ही रीत कुणी प्रयोगशाळेतून शिकवली नव्हती, नाही का?

दुसऱ्या दिवशी आम्ही केळव्याच्या समुद्रावर गेलो. भरतीनं आणून टाकलेल्या कचऱ्याची एक लांबच लांब रेघ वाळूवर पडली होती. थर्माकोलचे मणी, बाटल्यांची बुचं, दोरखंडाचे तुकडे. लेकीनं एक तुकडा उचलला. निळा! उन्हा-पाण्यानं विटलेला. तिनं तो बोटांत चोळला मात्र, वातीच्या कापसासारखे त्याचे बारीक बारीक धागे सुटून हाताला चिकटले. अगदी आमच्या ताटातल्यासारखे.

तिथे मासळी विकायला बसलेल्या एका कोळी आजींना मी ते दाखवलं. त्या म्हणाल्या, "आमचे सासरे सुताचं जालं विणायचे. कुजायचं, पण मागं काय ठेवायचं नाय. आता नायलॉन. तुटतो, पण मरत नाय."

लेक बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, तो धागा पप्पांचा नव्हता." मला खूप बरं वाटलं. पण खरं सांगते मैत्रिणींनो, तो धागा जाळ्याचा होता, की सुकट भरलेल्या गोणीचा, की कुणाच्या साडीचा, हे सांगायची सोयच नाही. म्हणून मी तिला म्हटलं, "तो नसेल. पण दुसरा एखादा असेलही. आणि एखादा माझा असेल, एखादा तुझ्या शाळेच्या गणवेशाचा."

ती चमकली. पण हेही खरंच आहे. प्लिमथच्याच संशोधकांनी २०१६ मध्ये मोजलं, की सहा किलो ॲक्रिलिकचे कपडे मशीनमध्ये एकदा धुतले, तर सात लाखांवर धागे सुटू शकतात. पॉलिस्टरचे जवळजवळ पाच लाख. सुती मिश्रणाचे त्याहून खूप कमी. माझ्या कपाटात रोज शाळेत नेसायला म्हणून "न चुरगळणाऱ्या" किती साड्या आहेत, ते मी मनात मोजलं आणि गप्प बसले.

आता तुमच्या मनातला प्रश्न. सुकट खायची की टाकायची? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ साली हिशेब केला. २२५ ग्रॅम शिंपल्यांच्या एका जेवणातून जास्तीत जास्त सात मायक्रोग्रॅम प्लास्टिक पोटात जाईल. म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातले सात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२२ च्या अहवालात म्हटलं, की माणसाच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो हे ठामपणे सांगायला पुरावा अजून अपुरा आहे. आणि सगळ्यांत गंमत पुढेच आहे. स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं, की शिंपल्यांतून वर्षभरात जेवढे कण पोटात जातात, त्याच्या कितीतरी पट जास्त धागे जेवताना घरातली धूळ ताटात पडून जातात! पडदे, गालिचे, सोफा आणि आपलेच कपडे यांची ती धूळ. बोट सुकटीकडे दाखवायचं आणि पानावर पंखा घरघरत ठेवायचा, असा आपला प्रकार!

म्हणून मी घाबरून डबा ओतून दिला नाही. स्वस्तातलं प्रथिन आणि चुना घरच्या ताटातून काढून घेणं मला पटेना. पण काही गोष्टी मात्र बदलल्या. पटल्या तर तुम्हीही करा.

सुकट आधी मोठ्या भोकांच्या चाळणीत चाळायची, उजेडात निवडायची, मग दोन-तीन पाण्यांतून काढून भाजायची. पोटातलं जाणार नाही, पण वाळू, गोणीचे धागे, वरची धूळ जाते. कोळंबीचा काळा दोरा आळस न करता काढायचा, कारण जे काही असतं ते बहुतेक तिथेच. वाढलेली पानं आणि भांडी झाकून ठेवायची. केर काढण्याआधी ओल्या फडक्यानं पुसायचं, म्हणजे धूळ उडत नाही. मशीन दोन कपड्यांसाठी लावायचं नाही. भरलं की थंड पाण्यात, थोडा वेळ. बंब पेटवायला प्लास्टिकची पिशवी घालायची नाही. तो धूर आपल्याच नाकात जातो. आणि पिशव्यांचं काय बोलावं? महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली, २०२२ च्या जुलैपासून देशभर एकदाच वापरायच्या कितीतरी वस्तूंवर आली, तरी बाजारात भाजीवाला काळी पिशवी पुढे करतोच. आपण "नको" म्हणायचं, एवढं तरी आपल्या हातात आहे!

आणि आमचे हे? मी परत आल्यावर त्यांना सगळं सांगितलं, अगदी मनाला लागेल असंही. २०२३ साली ब्रिटनमधल्या एका प्लास्टिक पुनर्वापराच्या कारखान्याचा अभ्यास झाला. भंगार धुतलेल्या पाण्यातून, गाळणी नसेल तर, आणलेल्या मालाच्या १३ टक्क्यांपर्यंत प्लास्टिक चुरा होऊन वाहून जाऊ शकतं, असं त्यात निघालं. गाळणी बसवल्यावर ते प्रमाण सहा टक्क्यांवर आलं. यांनी ते शांतपणे ऐकलं. म्हणाले, "धुण्याचं पाणी कुठे जातं, हे मी सोळा वर्षांत एकदाही पाहिलं नाही."

मालकांना त्यांनी प्रदूषणाचं सांगितलं नाही, हं! माझ्यापेक्षा ते व्यवहारी. "साहेब, विकत घेतलेला माल गटारात चाललाय," एवढंच म्हणाले. महिन्याभरात हौदाच्या तोंडाशी दोन जाळ्या बसल्या, एक जाड, एक बारीक. रोज संध्याकाळी बादलीभर चुरा निघतो आणि तो पुन्हा दळायला जातो. त्याहून बारीक ते अजून निसटतंच, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण बादलीभर तरी थांबलं.

एका संध्याकाळी त्यांनी त्यातला मूठभर चुरा रुमालात बांधून आणला आणि लेकीपुढे ठेवला. काही बोलले नाहीत. निळा, लाल, हिरवा. तिनं तो कागदावर पसरून कितीतरी वेळ पाहिला आणि मग हळूच म्हणाली, "पप्पा, एवढं रोज?"

"एवढं नाही. बादलीभर."

त्या रात्री मी सुकटीची चटणी केली. पानं वाढली, पंखा बंद केला. सासूबाई म्हणाल्या, "उकडतंय की गं!" पण त्यांनीही तो लावायला सांगितला नाही. लेकीनं भाकरीवर चटणी घेतली, बोटानं जरा चाचपली आणि खाल्ली. यांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

तो निळा धागा लेकीनं काडेपेटीत ठेवला आहे. विज्ञानाच्या तासाला न्यायचा म्हणते. मैत्रिणींनो, उद्या सकाळी मोरीतून पाण्याची बादली ओताल, तेव्हा एक क्षणभर मनात आणा, हे पाणी कुठे निघालंय? आणि वाटेत त्याला गाळत बसलेलं कुणी आहे, ह्याचा विसर पडू देऊ नका.